बुजवलेला झरोका

मित्रांनो, मी एक झरोका आहे, जुना आणि सिमेंटचा. पुस्तकात मला झरोका म्हणत असतील. कुरुंद्याजवळच्या आमच्या वस्तीत सगळे रोशनदानच म्हणतात. दीड फूट रुंद, फूटभर उंच, आणि पोटात पाच तिरप्या पट्ट्या. पावसाला आत येऊ द्यायचं नाही आणि वाऱ्याला अडवायचं नाही, एवढंच माझं काम. घरात माझ्याकडे मान वर करून कुणी पाहत नाही. त्याचं मला आता काही वाटत नाही.

मला जळबा मिस्तरींनी घडवलं. जन्मभर लोकांची घरं बांधून झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक मोठी खोली काढली. लाकडी साच्यात सिमेंट-वाळू ओतून त्यांनी मला सात दिवस ओल्या पोत्याखाली ठेवलं आणि पूर्वेच्या भिंतीत, अगदी छताला टेकून बसवलं.

त्यांच्यासोबत काम करणारे भीमराज म्हणाले, "एवढं वर काहून, मिस्तरी? खाली बसवलं तर बाहेरचं दिसंल तरी."

"दिसण्यासाठी न्हाई ते. गरम हवा वर चढते, तिला जायाला वाट पायजे. ती गेली की समोरच्या खिडकीतून लिंबाखालची गार हवा आपसूक येते."

आणि तसंच झालं. मे महिन्यात भर दुपारी शेजारपाजारचे लोक आमच्या खोलीत येऊन टेकायचे. "मिस्तरी, कूलर न्हाई काही न्हाई, अन् हवा कुठून येऊन राहिली?" असं विचारायचे. मिस्तरी हसून खिडकीबाहेरच्या कडुलिंबाच्या झाडाकडे बोट दाखवायचे. सगळं श्रेय झाडाला गेलं की मला राग यायचा. तेव्हा मला राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी मिस्तरींना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. त्यांचा मुलगा प्रमोद वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. वारंगा फाट्याला तो पीओपीची छतं बसवायची कामं घेतो. बापाला तकलीफ नको म्हणून त्याने मोठा कूलर आणला आणि लिंबाकडच्या खिडकीत गच्च बसवला. मग त्याची नजर वर गेली.

"दादा, गार हवा या भोकातून बाहेर जाऊन राहिली. बुजवून टाकतो."

मिस्तरींनी डावा हात जोरजोरात हलवला.

"दादा व्हय म्हणून राहिले," प्रमोदने बायकोला, ऐश्वर्याला सांगितलं.

आतून विटा लागल्या, त्यावर गिलावा, त्यावर पांढरा रंग. माझं तोंड गल्लीकडे तेवढं उघडं राहिलं. खोली दिसेनाशी झाली. भिंतीतून आवाज मात्र यायचे, त्यांवरूनच आत काय चाललंय ते कळायचं. पट्ट्यांतून वारा वाहीना, तसं मला हळूहळू काही वाटेनासं झालं.

मित्रांनो, कूलर पाण्यातून हवा आत ढकलतो. त्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. गरम भाकरी डब्यात झाकली की झाकणाला घाम येतो ना, तसं त्या खोलीचं झालं. जूनमध्ये आभाळ भरून यायचं, पाऊस पडायचा नाही, आणि अंथरूण ओलं लागायचं.

"अहो, मामांचं अंग चिकट होऊन राहिलं," ऐश्वर्या म्हणायची. "सारखं त्या भिंतीकडं बोट दाखवतात."

"आईची तसबीर पायजे आसंल."

प्रमोदच्या आईची, कमलबाईंची तसबीर समोरच्या भिंतीवरून काढून माझ्या खाली लावली. मिस्तरींचं बोट खाली आलं नाही. प्रमोदने कूलरचा वेग आणखी वाढवला.

एका दुपारी वीज गेली. ऊन आत येऊ नये म्हणून दार ओढून ऐश्वर्या रेशनला गेली होती. खिडकीत बंद पडलेला कूलर, वर विटा. ती तासाभराने परतली तेव्हा मिस्तरींचं अंग भाजत होतं आणि ते डोळे उघडत नव्हते. संध्याकाळपर्यंत ते गेले. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. घरात झोपलेल्या माणसाला उष्माघात कसा झाला, हे कुणाला कळेना.

मिस्तरींच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला खोलीभर माणसं बसली. बुद्धवंदना झाली. बायका पदराने वारा घेत होत्या. म्हातारे झालेले भीमराज अचानक म्हणाले, "प्रमोद, इथं रोशनदान होतं ना?"

"बुजवलं, काका. कूलरची हवा जात होती."

"अरे, जायलाच पायजे ती. एकीकडून गेल्याबिगर दुसरीकडून येत न्हाई. मिस्तरीनं सांगितलं न्हाई तुला?"

ऐश्वर्या हळूच म्हणाली, "सांगून राहिले होते."

प्रमोद उठला. त्याने बापाची छन्नी आणि हातोडा आणला, तसबीर उतरवून तिच्याकडे दिली, स्टुलावर चढला आणि विटा फोडल्या. कूलर खिडकीतून ओढून काढला. थोड्या वेळाने बायकांचे पदर थांबले. प्रमोद स्टुलावरच उभा होता, तळवा माझ्या पट्ट्यांना लावून. जाणारी हवा त्याच्या हाताला लागत होती. खाली खाट रिकामी होती. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आठवड्याने त्याला फाट्यावरच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांनाही छत बसवताना रोशनदान बंद करून हवं होतं.

"घरात कुणी म्हातारं माणूस हाय का?" त्याने विचारलं. "बोलता येतं त्यांना? मग पहिलं त्यांना इचारा, ते काहून ठेवलं. मी तवर येत न्हाई."

मित्रांनो, तुमच्याही घरात छताजवळ माझ्यासारखं कुणी असेल. त्याची धूळ झाडा, जाळं काढा. आणि कुणी ते बुजवायला निघालं, तर ज्याने ते बसवलं त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. आजच विचारा.