उघड्या डोळ्यांची झोप

बंद पडलेल्या गोदामात सकाळपासून मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध बारा सतरंज्या, त्यांवर बारा माणसं उताणी, आणि त्यांच्यामधून अनवाणी फिरणारा उजेडबुवा. नाकात अत्तराचा फवारा मारला की माणूस देह सोडून उजेडात जातो, गेलेल्यांना भेटतो आणि दुःख तिथेच ठेवून परततो, अशी त्याची ख्याती. देह म्हणजे नुसता सदरा, काढून ठेवायला शिका, असं तो सांगे. स्वतःचा भरजरी सदरा मात्र त्याने कधी काढलेला कुणी पाहिला नव्हता.

गर्दीत जनावरांची डॉक्टरीण उभी होती. असल्या भोंदूंचा तिला मनस्वी तिटकारा, पण आज तिच्या तोंडाला कुलूप होतं, कारण चौथ्या सतरंजीवर तिचा धाकटा भाऊ होता. तीन वर्षं नैराश्याने त्याला पोखरलं होतं. शहरातल्या डॉक्टरांनी चार वेळा औषधं बदलली, गुण शून्य. गेल्या महिन्यात तो शांतपणे म्हणाला होता, "ताई, मला आता राहायचं नाही." तेव्हापासून ती त्याच्या दाराशी कान लावून असे. आत सामसूम झाली की तिच्या काळजाचं पाणी होई.

मागच्या आठवड्यात आईने त्याला गुपचूप बुवाकडे आणलं होतं. दुसऱ्या दिवशी तो हसला, त्याने दाढी केली. चार दिवसांनी पुन्हा अंधारून आलं, म्हणून ही दुसरी खेप. निदान जेवायला तरी लागला, या आनंदात आईने निघताना त्याला पोटभर वाढलं होतं.

फवारा झाला. भाऊ निपचित पडला. डोळे मात्र सताड उघडे, बुबुळं डावीउजवीकडे हिंदकळत होती. उजेड बघतोय, म्हणून लोकांनी हात जोडले. डॉक्टरीण पुढे सरकली. भावाचे डोळे तिच्याकडे होते आणि त्यांना ती दिसत नव्हती. मग बुवाने बोटावर मलम घेऊन प्रत्येकाच्या डोळ्यांत घातलं. शेजारचा म्हणाला, दिव्य अंजन.

ती चमकली. हे तर तिचं रोजचं काम. कुत्र्यामांजरांना भुलीसाठी केटामाइन दिलं की त्यांचे डोळे मिटत नाहीत, कोरडे पडतात, म्हणून मलम घालावं लागतं. हे सुचायला दवाखान्यातच राबलेलं असावं लागतं.

तेवढ्यात भावाच्या घशात घरघर झाली. जेवण वर आलं होतं.

"हात लावू नका, तो परततोय," बुवा म्हणाला.

तिने बुवाला ढकललं, भावाला कुशीवर वळवलं, बोटांनी तोंड साफ केलं, जबडा पुढे ओढून धरला. ओठ निळे पडले होते. मग तो खोकला आणि श्वास आला.

"जनावरांच्या कुठल्या दवाखान्यात होतास?" तिने बुवाला विचारलं. "मलम शिकलास. भूल द्यायच्या आधी उपाशी ठेवतात, ते शिकायचं राहिलं?"

बुवा पेटीकडे सरकला. लोकांनी अत्तराची पेटी उघडली, तर आत जनावरांच्या भुलीच्या कुप्या निघाल्या.

घरी भाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "म्हणजे मला बरं वाटलं, तेही खोटंच."

या वाक्याचीच तिला धास्ती होती.

"बरं वाटलं ते खरं होतं," ती म्हणाली. "खोटा फक्त बुवा."

मग तिने फोनवर फोन लावले. इतर औषधांनी हटत नाही अशा नैराश्यावर हेच औषध माणसांचे डॉक्टर मोजून देतात, रक्तदाब आणि श्वास बघत, शेजारी बसून. असा दवाखाना बसने तीन तासांवर होता. त्या औषधाची कुपी वर्षानुवर्षं तिच्या कपाटात होती, आणि तिने कधी चौकशी केली नव्हती. हे तिला अजून खातं.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषधाचं नाव सांगितलं, धोके सांगितले. गुण येईल किंवा येणार नाही, आला तरी ओसरेल, पुन्हा यावं लागेल, हेही सांगितलं. चमत्काराला यातलं काहीच सांगावं लागत नाही. म्हणून एवढंच करा. जो तुमच्या अंगात काहीतरी घालतो, त्याला त्या औषधाचं नाव विचारा, आणि तो सांगत नसेल तर उठून चालू लागा.

भावाने सगळं ऐकून घेतलं, कागदावर सही केली आणि विचारलं, "पुढची तारीख कधीची?"