देलफीनाची पाटी

"हे तुम्हाला खरं वाटणार नाही, दोत्तोरेसाबाई, आधीच सांगून ठेवतो. या तळ्यावर आजवर कुणालाच वाटलेलं नाही. पण त्या वादळात मी स्वतः हजर होतो. जन्मायला चार महिने बाकी होते, एवढंच."

नगरपालिकेतून आलेल्या लिव्हियाने पेनाचं टोपण काढलं होतं, ते हातातच राहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे आईच्या पोटात. आणि आई वल्ह्यावर. याहून जवळचा साक्षीदार आणून दाखवा."

बोटीवरच्या कॉफीच्या काउंटरमागून एर्सीलिया म्हणाली, "पोटातसुद्धा याचं तोंड चालूच असणार. बिचारी देलफीना."

तार्चिझियो सत्त्याहत्तर वर्षांचा होता. त्यातली अडतीस वर्षं त्याने कोमोच्या तळ्यावरच्या याच फेरीबोटीवर काढली. धक्का जवळ आला की दोर फेकायचा, खुंटाला वेढा बसला की फळी टाकायची, उतरणाऱ्या बायाबापड्यांना हात द्यायचा. काम सुटलं तरी बोट सुटली नाही. दर गुरुवारी फुकट पासावर तो या काठावरून त्या काठावर जायचा आणि एर्सीलियाच्या समोरच्या बाकावर बसून गोष्टी सांगायचा. त्याच्या गोष्टीतला मासा दर हंगामात वीतभर वाढे. एकदा तर त्या माशाने देवळाची घंटा गिळली होती आणि रविवारी तो पाण्याखालून वाजत असे.

आजचं काम मात्र गोष्टीचं नव्हतं. लिव्हिया त्याची साक्ष लिहून घ्यायला आली होती. संध्याकाळच्या सभेत ती मान्य झाली, तर तोरवेल्लाच्या धक्क्यावरची पुतळ्याखालची जुनी पाटी निघणार होती आणि नव्या दगडावर तार्चिझियोच्या आईचं नाव कोरलं जाणार होतं. त्यासाठी तो बावीस वर्षं अर्ज करत होता. आज त्याने दाढी दोनदा केली होती.

बोटीवरचा कर्णा खरखरला. "डाव्या हाताला तोरवेल्ला. धक्क्यावर कवालिएरे किताबाचे मानकरी आल्चिदे ब्रुझाती यांचा पुतळा. एकोणीसशे सेहेचाळीसच्या वादळात त्यांनी आपल्या रेशीम गिरणीतल्या अकरा कामकरणींचे प्राण वाचवले." मग तेच जर्मनमध्ये, इंग्रजीत, फ्रेंचमध्ये. प्रवासी डाव्या कठड्याला लोटले. फोन वर झाले.

"चार भाषांत खोटं," तार्चिझियो म्हणाला. "एका भाषेत पुरलं नाही त्यांना."

त्याच्या कानशिलावरची शीर उठली. "हे बघा, मी पुतळ्यांच्या विरुद्ध नाही. खाली कोमोला त्या विजेवाल्या पंडिताचं देऊळ बांधलंय, बांधू देत. त्याने निदान बॅटरी तरी शोधली. पुढे कवी आहेत, सेनापती आहेत. प्रत्येक धक्क्यावर कुणी ना कुणी टोपीवाला दगडात उभाच. पण या तळ्यावर पाचशे वर्षं बायका वल्ही मारतायत, चुना वाहतायत, सरपण वाहतायत, मडमांच्या पेट्या वाहतायत. एका बाईचं वल्हं दाखवा मला दगडात. एक."

"ती वादळाची हकिगत सांगता ना?" लिव्हिया हळूच म्हणाली.

"तीच सांगतोय. शनिवारची संध्याकाळ. गिरणी सुटली. पोरींना पलीकडच्या काठाला न्यायला दोन होड्या लागतात हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. कवालिएरे म्हणाला, एकीत मावतील. मावल्या. मग मेनाज्जोच्या दरीतून वारा सुटला. लाटा किती? घंटाघराएवढ्या."

"मागल्या गुरुवारी झाडाएवढ्या होत्या," एर्सीलिया म्हणाली.

"झाड घंटाघराएवढं होतं. तू कपबशा धू. तर होडी उलटली. माझी आई सरपण घेऊन परतत होती, वर लाकडी कमानी असलेल्या होडीतून. पोटुशी बाई. तिने काय केलं, सगळं सरपण पाण्यात लोटलं, म्हणजे हिवाळ्याची चूल लोटली, आणि होडी वळवली. एकेकीला केसांना धरून वर घेतलं. आणि कवालिएरे कुठे होता? धक्क्यावर. छत्री उघडून."

"छत्री त्या वाऱ्यात टिकली?"

"श्रीमंताची होती."

लिव्हिया हसली, पण तिने ते लिहिलं नाही.

"दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. कवालिएरे एका पोरीच्या अंगावर घोंगडी टाकतोय. घोंगडी टाकली, म्हणून वाचवलं. सहा वर्षांनी पुतळा. आणि अनावरणाला फुलं कुणी आणली विचारा. आईने. त्याच होडीतून. तिला म्हणाले, फुलं ठेव आणि होडी बाजूला घे, बँडवाल्यांची बोट लागायचीय."

हे मात्र त्याने कधीच वाढवून सांगितलं नव्हतं. हे वाढवायची गरजच नव्हती. पुढे तो बोटीवर लागल्यावर त्याने एकदा आईला विचारलं होतं, तू कधी बोलली कशी नाहीस? ती पुतळ्याखालच्या पायरीवर मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या दगडावरचं एक अक्षर खरं नाही. त्यात माझं नाव कशाला?" त्यानंतर तो विषय तिने काढला नाही. तिला जाऊन आता बावीस वर्षं झाली होती, आणि ती गेल्याच्या दुसऱ्या महिन्यात तार्चिझियोने पहिला अर्ज केला होता.

"तर लिहा," तो म्हणाला. बोटीचं यंत्र मंदावलं होतं. नवा खलाशी दोर घेऊन पुढे गेला, तार्चिझियोने सवयीने त्याची फेक पाहिली आणि मान हलवली. "दगड कोरणारा थांबलाय. मोठी अक्षरं घ्यायला सांगा त्याला. कवालिएरेच्या पाटीपेक्षा बोटभर मोठी."

लिव्हियाने खाली वाकून लिहिलं आणि वाचून दाखवलं. "'देलफीना, नावाडीण. हिने वादळात आपली होडी वळवली आणि अकरा जणींना जिवंत काठाला आणलं.' बरोबर आहे ना? आकडा नीट सांगा. कोरल्यावर बदलता येत नाही."

तार्चिझियो खिडकीतून पाण्याकडे पाहू लागला. त्याच्या गोष्टीत लाटा वाढल्या होत्या, वारा वाढला होता, सरपण मोळीचं गाडाभर झालं होतं. इतक्या वर्षांत हा एक आकडाच काय तो हलला नव्हता.

"अकरा," तो म्हणाला. "पाटीवर आहेत तेवढ्याच. कमी लिहिलं तर लोक म्हणतील, मालकाने जास्त वाचवल्या."

काउंटरमागचं पाणी बंद झालं. बोट चालू असताना एर्सीलिया कधी बाहेर येत नसे. आज ती ओले हात पुसत न बसता बाहेर आली आणि वहीजवळ येऊन उभी राहिली.

"खोटं आहे हे," ती म्हणाली. "लाटा घंटाघराएवढ्या म्हणालास, मी हसले. पोटातून पाहिलं म्हणालास, तेव्हाही हसले. गप्पांना कोण अडवतं? पण हे आता दगडात जाणार. दहा आल्या, तार्चिझियो. अकरावी माझी मावशी पाल्मीरा. ती अजून खाली तळाशीच आहे."