डिमरबुवांची दाढ आणि यॉटवरचे दिवे

लेकीला दातांचा डॉक्टर नवरा मिळाला, तेव्हा डिमरबुवांनी भर बैठकीत छाती पुढे काढून सांगितलं होतं, "आमच्याकडून मात्र तुम्हाला गिऱ्हाईक मिळायचं नाही हो, जावईबापू! बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत." सगळे हसले. जावईही हसला, पण हसताहसता त्याची नजर सासऱ्यांच्या जबड्यावरून एकदा फिरून आली, आणि ती बुवांना अजिबात आवडली नव्हती.

त्यांना डिमरबुवा म्हणत ते उगीच नाही. उभा जन्म त्यांनी नाटकाच्या थिएटरात, दिव्यांच्या बोर्डापाशी काढला. रंगमंचावरचा उजेड चढवायचा नि उतरवायचा, हे त्यांचं काम. डिमरच्या दांडीवर त्यांची बोटं अशी फिरत की नट संवाद विसरला तरी प्रेक्षक डोळे पुसत. निदान बुवा तरी तसं सांगत.

आता निवृत्तीत त्या बत्तिसांतल्या एकाने, खालच्या डाव्या दाढेने, दगा दिला होता. गरम चहा लागला की कळ थेट कानात जाई. बुवा गुपचूप उजव्या बाजूने जेवू लागले. जगाला थापा मारणं सोपं होतं, पण बायकोला काय सांगणार?

"अहो, गालाला हात लावून का बसलाय?"

"विचार करतोय."

"रोज चहाच्याच वेळी कसला विचार येतो म्हणते मी! जावईबापूंना सांगू का?"

"खबरदार!" बुवा म्हणाले. बत्तीसच्या बत्तीस म्हणून मिरवल्यावर आता कुठल्या तोंडाने तोंड उघडायचं? शिवाय खरं सांगायचं तर, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीचं कुणी नुसतं नाव काढलं तरी ते खोलीतून उठून जात.

त्यातच जावयाने यॉट घेतली. शिडाची, दोनचार मालक बघून आलेली जुनी बोट. पण आतली लाकडी केबिन अशी होती की बुवा पायऱ्या उतरले आणि बघतच राहिले. छतात हॅलोजनचे छोटे गोल दिवे आणि दाराशी पितळी बटणाचा डिमर! बटण फिरवलं की सगळी केबिन मधासारखी पिवळी होई. त्या उजेडात लाकूड तुकतुकीत दिसे, बायको तरुण दिसे, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कुणी कुठल्या बाजूने चावतंय ते कुणालाही दिसत नसे. रविवारचं जेवण बोटीवर करायला बुवा एका पायावर तयार असत.

पण हॅलोजन दिवे बॅटरी पितात. एका रविवारी खाडीत नांगर टाकून सगळे गप्पा मारत बसले, दिवे जळत राहिले, आणि निघायच्या वेळी इंजिन नुसतं कण्हलं. एका मासेमारी बोटीने दोर बांधून त्यांना ओढत धक्क्यावर आणलं. त्यावरचा खलाशी वाटभर मागे वळून हसत होता. जावयाने त्याच संध्याकाळी ठरवलं, सगळे दिवे एलईडी करायचे.

"आणि घरात एवढा मोठा दिव्यांचा माणूस असताना बाहेरचा कशाला?" लेक म्हणाली. झालं! स्तुती केली की बुवा स्वतःच्या घराला आग लावायलाही काडेपेटी घेऊन निघाले असते.

पुढच्या रविवारी सकाळीच सासरा-जावई केबिनमध्ये भिडले. जावयाने आणलेल्या खोक्यातला एक दिवा बुवांनी बॅटरीच्या दोन तारांना लावून पाहिला आणि डोळ्यांवर हात धरला.

"हा कसला पांढराफटक उजेड?"

"कूल व्हाइट, बाबा. क्लिनिकमध्ये मी हेच लावलेत. बारीकसारीक सगळं स्वच्छ दिसतं."

"सगळं स्वच्छ दिसायलाच हवं असेल तर माणूस दुपारी बाराला उन्हात बसून जेवेल! जेवायच्या खोलीत थोडं न दिसणंही लागतं."

"आता आणलेत तर लावू या. नाही आवडले तर बघू."

बुवा नाइलाजाने कामाला लागले. जुने दिवे पिना धरून ओढायचे, सॉकेटवरचा हिरवा गंज कानसून काढायचा, नवा दिवा बसवायचा. समुद्राच्या हवेने स्क्रू असे धरले होते की एकेक फिरवताना बुवा दात आवळत आणि लगेच पस्तावत. त्यात निम्मे दिवे लागेचनात. जावई म्हणाला, माल खराब निघाला. बुवा म्हणाले, तुमची बोट खराब आहे. दोघेही घुश्शात असताना जावयाच्या हातून एक दिवा निसटला, त्याने तो उचलून कसातरी खोचला, आणि तो झगझगीत पेटला. पिना उलट्या बसल्या होत्या, एवढंच! हॅलोजनला प्लस काय नि मायनस काय, सारखंच. हे नवे मात्र एकाच बाजूने वीज घेत. मग दोघांनी मिळून न लागणारे बाकीचे दिवे उलटे केले आणि एकमेकांना शाबासकी दिली.

"बाबा, हा जुना डिमर या दिव्यांना चालेल ना? बदलायचा का?" जावयाने विचारलं.

"जावईबापू," बुवा मान न वळवता म्हणाले, "दातांचं तुम्ही बघा. डिमरचं मला शिकवू नका."

संध्याकाळी मायलेकी जेवण घेऊन आल्या. जावयाने ऐटीत बटण दाबलं. केबिन एका क्षणात इस्पितळ झाली. गाद्यांवरचे डाग उठून दिसले, लाकडाच्या फटी दिसल्या, आणि बायको लेकीकडे बघून घाबरून म्हणाली, "बाई गं, तुला बरं नाही का?"

"आई, मी तुला तेच विचारणार होते!"

खूश होता तो एकटा जावई. त्या उजेडात त्याच्यातला डॉक्टर जागा झाला. बोलताना त्याची नजर समोरच्याच्या डोळ्यांवरून घसरून तोंडात जाऊ लागली. "आई, तुमच्या वरच्या दाताचा टवका कधी उडाला?" त्याने विचारलं, आणि सासूबाईंनी रुमाल तोंडाशी धरला तो खाली घेतलाच नाही. लेक ओठ मिटून हसू लागली. बुवांनी तर सूप असं ओढायला घेतलं, जणू ओठांच्या फटीतून कुणी पत्र आत सरकवतंय.

"बाबा, तुम्ही आज गप्प?"

"हं."

"आणि मान उजवीकडे कललीय तुमची."

आता गत्यंतर नव्हतं. अंधार हवा होता, आणि अंधार करणं तर त्यांचा उभ्या जन्माचा धंदा! बुवा उठले, दाराशी गेले, पितळी बटणावर बोटं ठेवली आणि जुन्या सवयीने हलकेच फिरवलं.

उजेड उतरला नाही. तो पिसाळला. सगळे दिवे फडफडू लागले. कुठला आधी, कुठला मागून, मध्येच सगळे गप्प, मध्येच सगळे एकदम. छतातून गुणगुण ऐकू येऊ लागली. लेकीचा चमचा हवेत एका ठिकाणी दिसे, मग एकदम दुसऱ्या ठिकाणी. वादळाचा प्रवेश उभा करायला बुवांना एके काळी तीन माणसं लागली होती, आणि इथे एका बटणात काम झालं होतं. घाबरून त्यांनी बटण उलटं फिरवलं, तर वादळ वाढलं.

"अहो, काय लावलंय हे? बंद करा!" बायको ओरडली.

बुवांनी आपण घाबरलेलो नाही हे दाखवायला टेबलावरचा खारा बदाम उचलून तोंडात टाकला आणि चावला. डाव्या बाजूने.

जी आरोळी उठली, ती धक्क्यावरच्या शेजारच्या बोटींतही गेली असणार. नेमक्या त्याच क्षणी वीज चमकावी तसा सगळा उजेड एकदम आला, आणि बुवांचं तोंड सताड उघडं होतं.

"खालची डावी! शेवटून दुसरी!" जावई टाळी वाजवून ओरडला. मग ओशाळला. "म्हणजे... बाबा, फार दुखतंय का हो?"

बुवांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. मोठेपणा मिरवायला आता जागाच उरली नव्हती. लेकीने छतातले दिवे बंद केले. जावयाने सकाळी बॅटरीच्या तारांना लावून पाहिलेला दिवा तारांसकट घेतला, सासऱ्यांना गादीवर बसवलं आणि म्हणाला, "आ करा."

बुवांनी डोळे घट्ट मिटून आ केला. जावई वाकून बघू लागला, दिवा इकडून तिकडे नेऊ लागला, आणि बुवांना राहवेना. त्यांनी डोळे उघडले.

"अहं, अहं! सोरून नाई!"

"काय म्हणताय?"

बुवांनी त्याचा हात बाजूला सारला. "समोरून नाही, म्हणतोय! समोरून मारलात की सगळं सपाट दिसतं. खड्डा दाखवायचा तर उजेड बाजूने यायला हवा. पोरी, तू धर दिवा. आणखी खाली. ओठाची सावली पडतेय, दिसत नाही का? अगं, तू तो रिकामा चमचा इकडून धर, म्हणजे उजेड परतून आत जाईल. हां!"

एवढं करून त्यांनी पुन्हा आ केला. लेकीने दिवा धरला, बायकोने चमचा. जावई आत डोकावला आणि आणखी जवळ वाकला.

"बाबा," तो म्हणाला, "दाढेला उभी चीर गेलीय. एवढी स्पष्ट मला क्लिनिकमध्येही दिसली नसती."

दाढ दुखतच होती, तरी बुवांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते जावयाच्या खुर्चीत बसले. बायकोने एक हात धरला होता. दाढ वाचली, नस काढून वर टोपी बसवायचं ठरलं. सुई टोचताना त्यांनी तो हात आवळला, पण गाल बधिर होईपर्यंत त्यांनी डोक्यावरचा दिवा चारदा हलवायला लावला, आणि बधिर झाल्यावर बोटाने खुणावून पाचव्यांदा. बाहेर रांगेत बसलेले पेशंट आतून येणाऱ्या हसण्याने बुचकळ्यात पडले.

पांढरे दिवे जावयाने स्वतःच काढले आणि इंजिनाच्या कप्प्यात लावले, जिथे सगळं स्वच्छ दिसायलाच हवं. केबिनसाठी पिवळसर एलईडी आणले, आणि त्यांना चालणारा नवा डिमरही. तो बसवताना बुवांनी सोबतचा सूचनांचा कागद चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. जावयाने तोवर स्क्रू हातात धरून ठेवले.

पुढच्या रविवारी सगळे जेवायला बसले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. बुवांनी बटणावर बोटं ठेवली आणि इतक्या हळू फिरवायला घेतलं की पहिल्यांदा कुणाच्या लक्षातही आलं नाही. लाकूड तांबूस झालं, मग मधासारखं झालं. सासूबाईंनी तोंडाशी धरलेला रुमाल आपोआप खाली आला.

"बाबा, एवढं हळू का?" जावयाने विचारलं.

"संध्याकाळ कधी धाडकन होते का, जावईबापू?" म्हणत बुवांनी बटण आणखी किंचित फिरवलं.

"झाली हो तुमची संध्याकाळ," बायको पळी हातात धरून म्हणाली. "आता सूप वाटीत पडतंय की जावईबापूंच्या मांडीवर, तेवढं दिसू दे."