कप्तानाचा वस्तरा

पुरुषाची अब्रू वस्तऱ्याच्या धारेवर असते, असं निवृत्त हवालदार हिंदुरावांचं ठाम मत होतं. स्वतःची दाढी मात्र ते आठवड्यातून दोनदा आष्ट्याच्या सलूनमध्ये करून घेत.

वस्तरा होता, हे खरं. इटलीच्या लढाईत पलटणीच्या गोऱ्या कप्तानानं निरोप घेताना तो हिंदुरावांच्या हातात ठेवला होता. त्यांच्याच पलटणीतला मलकापूरचा मानसिंग तेव्हा जुलाब लागून इस्पितळात होता, आणि आपण पाहिलं नाही ते घडलंच नाही, असा त्याचा खाक्या. तीस वर्षं तो म्हणत आला, "आरं, खुरपं असंल ते!" चौऱ्याहत्तर साली मात्र त्यानं निर्वाणीचं सांगितलं, "औंदा साताऱ्याला माजी सैनिकांच्या मेळाव्यात घिऊन ये. चारचौघांत माझी दाढी कर. न्हाईतर गड्या, त्या वस्तऱ्याचं नाव पुन्हा काढायचं न्हाई."

हिंदुरावांकडं गोष्ट ती एकच होती. ती गेली तर मेळाव्यात बोलायचं काय?

आदल्या दिवशी त्यांनी ट्रंक उघडली. वस्तरा नव्हता. तो चुलीमागच्या फळीवर सापडला, गंजून काळातांबडा झालेला.

मग राखुंडी झाली, विटकरीची भुकटी झाली, पॉलिश पेपर आणि खोबरेल झालं. गंज सुटत गेला तसं हिंदुरावांना एकेक दिसू लागलं. बर्फ वितळवून भरलेला मग. खंदकात गुणगुणत दाढी करणारा कप्तान. त्याच्या साबणाचा वास. दुपारपर्यंत पात्यात त्यांची स्वतःची मिशी दिसू लागली. मिशी पांढरी होती, ते सोडून द्या.

"लय झ्याक निघाला की," त्यांच्या पत्नी मुक्ताबाई म्हणाल्या. "आवं, पन जपून आना म्हागारी. मला लागतो."

"तुला कशाला?"

"बेदाण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चिकटवाया. चुलीत लाल केला की झर्रदिशी चिकटत्यात. तासगावची भावजय बी तसंच करती."

हिंदुरावांनी वस्तरा उजेडाकडं धरला. लाल केलेल्या पात्याचं पाणी जातं. मग ते आरशासारखं चमकेल, पण धार धरणार नाही. त्यांनी धारेवरून अंगठा फिरवून पाहिला. अंगठ्याला काही झालं नाही. तरी पलटणीच्या पट्ट्यावर ते संध्याकाळपर्यंत वस्तरा परजत राहिले.

साताऱ्यात मांडवाबाहेर मानसिंग गळ्याला टॉवेल बांधून खुर्चीत बसला. भोवती सगळी म्हातारी पलटण. हिंदुरावांनी वस्तरा उघडला, तो उन्हात लखकन चमकला आणि पलटण एक पाऊल पुढं आली.

"आयला, हाय की रं!" मानसिंग हळूच म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटले.

हिंदुरावांनी फेस लावला, गालावरून वस्तरा फिरवला. फेस तेवढा निघाला. केस होते तिथंच राहिले. मग दुसरा गाल, मग हनुवटी. त्यांचा हात कापत होता. कापत होतं ते तेवढंच.

"साबण बी त्योच आणलास व्हय रं?" मानसिंगनं मिटल्या डोळ्यांनी विचारलं. "कप्तान जवळ उभा असल्यावानी वाटतंय."

"व्हय," हिंदुराव म्हणाले. साबण आष्ट्याच्या बाजारातला होता.

दाढी झाली. मानसिंगनं गालावरून हात फिरवला. हात अर्ध्यातच थांबला. त्यानं हिंदुरावांकडं बघितलं. हिंदुराव खाली मान घालून वस्तरा पुसत होते, पुसतच होते.

"लोन्यावानी!" मानसिंग ओरडला. "गड्यांनो, पातं फिरलेलं कळलंसुदिक न्हाई!"

खुरप्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

दुपारी सगळ्यांचा फोटो निघाला. त्यात मानसिंगची दाढी वाढलेली आहे.