साडेतीनचा वॉशर

पंपाच्या कारखान्यातला खरेदी अधिकारी एकाच माणसाच्या फोनला वैतागला होता. रबरी वॉशर पुरवणारे काका दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला फोन करत. "अरे बाळा," म्हणून सुरुवात, मग त्याच्या आईचा गुडघा, मग काकांची पाठ, मग जगाच्या उठाठेवी, आणि शेवटी कामाचा एखादा प्रश्न. बारा वर्षं हे असंच चाललं होतं. वीस मिनिटं पाण्यात गेली, असं तो दरवेळी कुरकुरायचा.

म्हणून त्याने नवी पद्धत आणली. ऑर्डर संगणकावर, तक्रार संगणकावर, फोन अजिबात नाही. आलेला माल फाटकावरच ड्रॉइंगप्रमाणे मोजायचा. सात दिवसांत उत्तर गेलं नाही तर तक्रार आपोआप बंद, हा नियमही त्याच्याच सुपीक डोक्यातून निघाला.

पहिल्याच खेपेला काकांचे वॉशर परत गेले. ड्रॉइंगमध्ये जाडी तीन मिलिमीटर, काकांचे साडेतीन. त्या दिवशी काकांनी चार वेळा फोन केला. त्याने एकदाही उचलला नाही. 'सिस्टिमवर टाका' एवढा निरोप धाडला आणि मीटिंगला गेला. पुढची खेप मापात बरोब्बर आली. वरच्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि गडी हवेत तरंगू लागला.

मग पंप गळायला लागले. टेम्पो भरभरून परत आले. कारखान्यातल्या जुन्या फिटरने एक पंप उघडून दाखवला. वॉशर बसतो ती खाच पहिल्यापासूनच अर्धा मिलिमीटर जास्त खोल होती. काकांनी बारा वर्षांपूर्वी स्वतः येऊन त्या खाचेत बोट घालून पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ते गुपचूप साडेतीनचा वॉशर देत होते. कागदावर कुणी काही लिहिलंच नव्हतं.

तो तडक काकांच्या वर्कशॉपवर गेला. काकांनी त्याला खुर्ची पुसून दिली. एरवी ते पायानेच स्टूल पुढे सरकवत.

"काका, पुन्हा साडेतीनचेच करून द्या," तो म्हणाला.

"ड्रॉइंग बदलून पाठवा, साहेब. तसे करतो."

"साहेब काय म्हणताय? आणि माझं चुकत होतं, तर सांगायचं ना पूर्वीसारखं."

"सांगितलं होतं. सुनेकडून लिहून घेतलं होतं," काका म्हणाले. "आता नाही सांगणार. तुम्ही जे लिहून द्याल, ते करून देईन."

आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला फार लागलं.

ऑफिसात येऊन त्याने बंद झालेल्या तक्रारी उघडल्या. काकांची सापडली. 'अरे बाळा, तीनचा वॉशर गळेल. खाच खोल आहे. एकदा फोन उचल. आईचा गुडघा कसा आहे?' खाली शेरा होता: उत्तर नाही, सातव्या दिवशी बंद.

त्याचे डोळे भरून आले. निदान आईचा गुडघा आता बरा आहे एवढं तरी लिहावं, म्हणून तो उत्तराची जागा शोधू लागला. पण बंद तक्रारीला उत्तर देता येत नव्हतं. तो नियमही त्याचाच होता.