रांगेतला चौथा सायलेन्सर

झिपरूने रांगेतला चौथा सायलेन्सर उचलला, काखेत मारला आणि सरळ चालू लागला.

"ओ बाबा, ठेवा तो खाली," टेबलामागून हवालदार प्रविण म्हणाला. "जप्तीचा माल आहे तो."

"माल तुझा नाय," झिपरू न थांबता बोलला. "मी केलाय तो. या दोन हातांनी."

महालक्ष्मीची यात्रा आठ दिवसांवर आली होती. विवळवेढ्याला हायवेच्या कडेला पोलिसांनी बंदोबस्ताचा तंबू ठोकला होता आणि आल्या दिवसापासून वाजणाऱ्या मोटरसायकली अडवायला सुरुवात केली होती. अकरा सायलेन्सर काढून डांबरावर ओळीने मांडले होते, बाजारात मासळी मांडतात तसे. पलीकडे रस्त्याच्या कामावरचा रोलर उभा होता. त्याचा ड्रायव्हर सावलीत बसून बिडी ओढत होता. बारा वाजता साहेब येणार, फोटो निघणार आणि मग रोलर फिरणार, असं ठरलेलं होतं.

झिपरू चार पावलं गेला असेल नसेल, तोच संगिता त्याच्या आडवी आली. तंबूतली ती दुसरी पोलीस. डहाणूच्या मच्छीमार घरातली, आईच्या टोपलीमागे बसून लहानाची मोठी झालेली. तिला आवाज चढवावा लागत नसे.

"बाबा, भांडायचं असेल तर बसून भांडा. उन्हात कशाला?"

"बसायला नाय आलो मी. हा पाइप वाजत नाय. वाजणारे चिरडा, माझं काय म्हणणं नाय. मीच सांगतो, चिरडा. पण हा त्यांच्यात कशापायी?"

"काल आवाजाचा मीटर लावला होता. अठ्ठ्याण्णव डेसिबल आला."

"कोणासमोर लावला?"

"जिग्नेशभाईंसमोर. विचारा त्यांना."

जिग्नेश आपल्या गाडीला टेकून मोबाइल बघत होता. तलासरीचा हा तिशीतला पोरगा शहरातल्या लोकांना मोटरसायकलींवरून लांब लांब फिरवून आणायचा. कधी कच्छ, कधी हिमाचल. लांबच्या प्रवासाची त्याची भलीमोठी मोटरसायकल सायलेन्सर काढल्यामुळे शेपूट तुटलेल्या बैलासारखी दिसत होती.

"जाऊ द्या ना काका," तो म्हणाला. "दुसरा बनवू."

झिपरूने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मोबाइल खिशात टाकला.

दुसरा बनवू म्हणे. पावसाळ्याआधी हाच पोरगा रडत आला होता. मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामान, आणि घाट लागला की गाडीचा दम कोंडतो, म्हणाला. झिपरूने कंपनीचा सायलेन्सर उभा कापून त्याचं पोट बघितलं होतं. आत भिंतींमागे भिंती. धुराने जायचं कुठून? त्याने नवा पाइप घेतला, सुकी रेती ठासून भरली, दोन्ही तोंडं बंद केली आणि तापवून तापवून वाकवला. वळणावर एक सुरकुती पडू दिली नाही. आत भोकांची नळी घातली, तिच्याभोवती आवाज गिळणारी काचेची लोकर गुंडाळली, पोट लांबट ठेवलं. वजन निम्म्यावर आलं. त्या पाइपावर जिग्नेश हिमाचलात स्पितीपर्यंत जाऊन आला होता आणि परत येऊन झिपरूच्या पाया पडला होता. चढावर गिअर पाडावा लागला नाही, म्हणाला होता.

चाळीस वर्षं लोखंडात घालवल्यावर माणसाला एखादी वस्तू अशी साधते. ती रोलरखाली घालायची. आणि का, तर तिच्यावर कंपनीचा शिक्का नाही.

तेवढ्यात हायवेवरून चार मोटरसायकली गेल्या. तंबूचं कापड थरथरलं. प्रविणने मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली.

"त्या नाय अडवल्या?" झिपरूने विचारलं.

"विलायती आहेत. त्यांचा सायलेन्सर कंपनीचाच असतो."

"म्हणजे कंपनीचा कुत्रा भुंकला तर चालतो."

संगिताला हसू आलं. ते तिने गालात दाबलं.

"बरं," ती म्हणाली. "तुमच्यासमोर लावते मीटर. चढवा पाइप."

झिपरूने खिशातून पाना काढला. तो पाना घेऊनच आला होता. डांबरावर पाठ टेकून त्याने पाइप बसवला, दोन नट आवळले, स्प्रिंग ओढून अडकवली. जिग्नेशने गाडी सुरू केली. संगिताने मीटर मागच्या बाजूला धरला आणि मग झिपरूसमोर आणला.

अठ्ठ्याण्णव. एकदा शंभराला शिवून आलेला.

मग तिने खात्याच्या मोटरसायकलीला तोच मीटर लावून दाखवला. एकोणऐंशी.

"खोटा आहे तुझा मीटर," झिपरू म्हणाला.

"यंत्र आहे ते, बाबा."

"तराजूपण यंत्रच असतो. बाजारात वाढलीस ना तू? तराजू कसा बोलतो ते तुला मी सांगायचं?"

"तुम्हाला स्वतःला काय ऐकू येतं?"

"माझं सोड. ग्राइंडरपाशी जन्म गेला माझा, माझे कान कधीच गेले. मी कबूल करतो. म्हणून तर मी माझ्या कानावर एक पाइप पास करत नाय. माझे सगळे पाइप बायजी पास करते."

"बायजी कोण?"

"बायको माझी. मडकं टिचकीवर ओळखते. कुठल्या मडक्याला केसाएवढी चीर आहे ते कुंभाराच्या आधी सांगते. असा कान नाय या मुलखात कोणाचा."

झिपरूची रीत रानशेतपासून तलासरीपर्यंतच्या गिऱ्हाइकांना माहीत होती. पाइप चढवला की बायजी दुकानामागच्या ओट्यावर येऊन बसायची. दहा पावलांवर गाडी सुरू करायची, आणि झिपरू गाडीपाशी उभा राहून तिला रोजच्या आवाजात काहीतरी विचारायचा. भात झाला का, शेळी बांधली का. तिने बरोबर उत्तर दिलं तर पाइप पास. दोन बोलणाऱ्या माणसांच्या मध्ये जो येत नाही तो सायलेन्सर, असं त्याचं म्हणणं होतं. वर छाती फुगवून सांगायचा, झिपरूच्या पाइपाने झोपलेलं पोर उठत नाय. गिऱ्हाइकं हसायची. त्यालाही बरं वाटायचं.

"कुठे आहेत त्या?" संगिताने विचारलं.

"ती काय पलीकडे. सुपं-टोपल्या घेऊन यात्रेतली जागा धरायला आलीय."

प्रविणने कपाळाला हात लावला. "आता बायकोला आणा साक्षीला. मग शेळीला आणा."

"आणू द्या हो," संगिता म्हणाली. "साहेब यायला वेळ आहे."

जिग्नेश जाऊन बायजीला घेऊन आला. ती पदराला हात पुसत आली. अंगाने बारीक, कपाळावर गोंदण, डोळे मात्र मोठे आणि सगळीकडे फिरणारे. पोलीस बघून ती थबकली. झिपरूने तिच्यासमोर उभं राहून सांगितलं, "घरी करतो तेच करायचं. बस इथं." ती खुर्चीवर न बसता खाली दगडावर बसली. झिपरूने दहा पावलं मोजली आणि गाडीपाशी जाऊन तिच्याकडे तोंड करून उभा राहिला.

जिग्नेशने गाडी सुरू करून मूठ पिळली. प्रविणने एका कानात बोट घातलं.

"बायजी," झिपरू रोजच्या आवाजात म्हणाला, "टोपल्या किती राहिल्या?"

"नऊ," बायजी म्हणाली. "आणि सुपं चार."

रोलरचा ड्रायव्हर बिडी विझवून उभा राहिला. प्रविणने कानातलं बोट काढलं. तो झिपरूपासून हातभर अंतरावर होता आणि त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

"परत विचारा," तो म्हणाला. ते कोणाला ऐकू आलं नाही म्हणून त्याने हाताने खूण केली.

"सकाळी काय खाल्लंस?"

"भाकर. तू टाकून गेलेली."

जिग्नेशने हसत गाडी बंद केली. झिपरूने कमरेवर हात ठेवले. आता तो कोणाशी भांडत नव्हता. फक्त एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, हिशोब चुकता झाल्यासारखा.

"कमाल आहे म्हातारीची," प्रविण म्हणाला. "जा बाबा, घेऊन जा तुझा नळा. साहेबांना दहाच होते म्हणून सांगतो. पण आत्ताच्या आत्ता नीघ."

गाडी बंद झाल्यावर माळावर एकदम शांत झालं होतं. संगिता तंबूतून पाण्याचा पेला घेऊन आली आणि बायजीच्या मागे उभी राहिली.

"आजी, पाणी घ्या."

बायजी झिपरूकडे बघत होती.

"आजी," संगिता जरा मोठ्याने म्हणाली. "पाणी."

बायजी झिपरूकडेच बघत होती. काय ठरलं ते त्याच्या तोंडावर दिसतंय का, हे शोधत होती.

झिपरूच्या तोंडात नेहमीचे शब्द आले. अगं ती हाक मारतेय, माज आलाय का तुला. घरी हे शब्द दिवसातून दहादा निघायचे. चुलीपाशी पाठमोरी बसलेली असली की ती ओ देत नसे. विहिरीवरून येताना मागून हाक मारली तर वळत नसे. मागल्या दिवाळीला याच माजावरून तो दोन दिवस तिच्या हातचं जेवला नव्हता. दुकानात निजला होता.

शब्द तोंडातच राहिले.

संगिताने तिसरी हाक मारली नाही. ती पेला घेऊन वळसा घालून बायजीच्या समोर आली. बायजीने लगेच दोन्ही हातांनी पेला घेतला. संगिताने एकदाच झिपरूकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

"काय झालं काका?" जिग्नेश म्हणाला. "चला ना. जिंकलो आपण."

झिपरू बायजीकडे पाठ करून उभा राहिला. नीट, पूर्ण पाठ करून.

"मीटर बरोबर हाय," तो म्हणाला.

"काय?" प्रविण म्हणाला.

"तुमचा मीटर बरोबर हाय. पाइप वाजतो. राहू दे अकरा."

"आत्ता तर म्हातारीने..."

"मी सांगतो ना वाजतो. केला कोणी, मी का तुम्ही?" त्याचा आवाज चढला, पण मान वळली नाही. मग तो जिग्नेशकडे गेला. "तुला ऐकू येत होतं. इतके महिने."

जिग्नेश हसला, मग हसायचं नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे काका... मला वाटलं तुम्ही मस्करी करता. सगळ्यांनाच वाटतं. झोपलेलं पोर उठत नाय, वगैरे. आवाजासाठीच तर येतात लोक तुमच्याकडे."

"आणि बायजीला विचारतो ते?"

"तेपण. आम्ही व्हिडिओ काढतो त्याचा. लोकांना आवडतो."

"व्हिडिओ काढता," झिपरू म्हणाला.

त्याची मूठ पान्यावर आवळली गेली. जिग्नेश अर्धं पाऊल मागे सरला. झिपरू डांबरावर पाठ टेकून आडवा झाला आणि नट सैल करू लागला. पाइप तापलेला होता. त्याने डोक्याचं फडकं सोडून हाताला गुंडाळलं, तरी बोटं भाजली. ती त्याने तोंडात घातली नाहीत. पाइप ओढून काढला, ओळीपाशी गेला आणि तिसऱ्या आणि पाचव्याच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवला. वाकडा बसला होता, तो सरळ केला.

"ते व्हिडिओ पुसायचे," तो जिग्नेशला म्हणाला. "आज. आणि माझे जेवढे पाइप फिरतात तेवढ्यांना सांग, दुकानावर आणा. लोकर परत भरून देतो. मग तू ऐकायचं आणि तू सांगायचं. खरं सांगायचं."

"आणि आजींना?"

"तिला काय विचारायचं ते मी विचारीन."

बायजी उठून आली होती. तिने रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग ओळीकडे. झिपरू वळला. तिच्या आणि उन्हाच्या मध्ये येणार नाही असा उभा राहिला. त्याचं तोंड उजेडात आलं.

"नाय दिला?" बायजीने विचारलं.

"त्यांना पाहिजे होता," झिपरू सावकाश म्हणाला. "ठेवून घेतला."

"मी सांगितलेलं ना, चांगला झालाय म्हणून."

साहेबांची गाडी येऊन थांबली आणि मागे रोलर सुरू झाला. माळावरची सगळी माणसं दचकून तिकडे वळली, कुत्री भुंकत पळाली. झिपरू वळला नाही. तो तिच्याकडेच बघत राहिला.

बायजीने हाताने पदर सावरला.

"असा काय बघतोस?" ती म्हणाली.