एका अक्षराची सवत

मला सवत होती आणि ती एका अक्षराची होती. लोकांच्या सवती शेजारी राहतात, ऑफिसात असतात, फोनमध्ये सापडतात. माझी रोज सकाळी मागच्या खोलीत, दार लावून. हे आतून ॐ म्हणायचे आणि मी बाहेर, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी. काय तो भरलेला आवाज! मग दिवसभर टेलिफोन ऑफिसात परक्या लोकांशी गोड बोलायचं, आणि घरी येईपर्यंत सगळं बोलणं संपलेलं. माझ्या वाट्याला काय? 'अगं.' अगं, टॉवेल. अगं, किल्ली.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदा ॐ संपताच दार ढकलून आत गेले, भाजी काय करू म्हणून विचारायला. ह्यांनी असं काही बघितलं, जसं मी त्यांच्या पुढ्यातलं ताटच ओढून घेतलं. संध्याकाळी मात्र समजावून सांगायला बसले. अ म्हणजे जागेपण, उ म्हणजे स्वप्न, म म्हणजे गाढ झोप. "आणि म मिटल्यावर जी शांतता राहते ना, ते चौथं. तेही ॐच. लोकांना वाटतं, संपलं. तिथे कुणी बोललं की सगळं फुकट."

"आणि ह्या चारांत मी कुठे?" मी विचारलं.

हे नुसते हसले. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, बोलता काही येईना. दवाखान्याने घरी एक स्पीच थेरपिस्ट पाठवली. पोरसवदा वय, आखूड केस, पायांत पांढरे बूट. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, काका रोज न चुकता काय म्हणायचे? जिभेवर बसलेलं असतं ते आधी परत येतं." माझी अक्कल गेली होती चरायला. मी सांगून बसले.

झालं! दुसऱ्या दिवसापासून तीच खोली, आणि आत ही. दार अर्धवट उघडं असायचं म्हणून मला दिसायचं. ह्यांचा 'ओ' कसाबसा निघायचा, पण ओठ मिटायचे नाहीत. मग ती आपली दोन बोटं ह्यांच्या ओठांवर ठेवून ते हळूच मिटवायची. "म्म्म, काका. म्म्म." आणि म उमटला रे उमटला की टाळ्या! "शाब्बास काका!" मी तिचं नाव टाळीबाई ठेवलं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. इतक्या वर्षांत मला त्या खोलीत पाऊल ठेवायची सोय नव्हती, आणि ही कालची पोरगी ह्यांच्या तोंडाला हात लावते!

गंमत म्हणजे टाळी वाजली की हे चिडायचे. डाव्या हाताने चादर मुठीत आवळायचे, मान फिरवायचे, मग काही केल्या तोंड उघडायचे नाहीत. टाळीबाईला वाटायचं, जमत नाही म्हणून वैतागतात. ती बिचारी आणखी जोरात टाळ्या वाजवायची. मला मात्र ती नजर चांगली ओळखीची होती. भाजी विचारायला गेले होते तेव्हाची.

तिला सांगायचं सोडून मी दारात उभी राहिले आणि मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. बघ, तुलाही तेच मिळालं. घे अजून. एवढी एकच गोष्ट मला ठाऊक होती आणि तिला नव्हती. ती मी तिच्या हातात का ठेवू?

मग एका दुपारी टाळीबाई स्वयंपाकघरात आली. "काकू, खरं सांगते. काकांनी प्रयत्नच सोडलाय. आज त्यांनी ओठसुद्धा हलवले नाहीत. असंच राहिलं तर मी येऊन काही उपयोग नाही." तिचे डोळे भरले होते. मला वाटलं होतं, ही टळली की मला बरं वाटेल. पण कुठलं बरं! ह्या घरात आता मला कुणीच 'अगं' म्हणणार नाही, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

"चल," मी म्हटलं.

मी ह्यांच्या डाव्या बाजूला बसले. "अहो, एकदाच. माझ्यासाठी." ह्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग अ आला, वाकडातिकडा. मग उ. ओठांशी येऊन गाडी अडली. टाळीबाईची बोटं निघालीच होती, पण मी आधी माझी ठेवली. म उमटला, त्याची थरथर माझ्या बोटांना लागली. सवयीने टाळीबाईचे हात वर गेले. मी झडप घालून तिची मनगटं धरली आणि डोळे वटारले.

कुणीच काही बोललं नाही. खाली रस्त्यावर कुणी गाडी मागे घेत होतं, तिचं पीं पीं ऐकू आलं आणि थांबलं. जन्मात एवढा वेळ मी तोंड मिटून बसले नव्हते. ह्यांची मूठ सुटली, चादर सैल झाली. मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा अगदी पहिल्यासारखा दिसत होता. मला पुन्हा जळजळ झाली, खोटं कशाला बोलू? रोज मला बाहेर ठेवून हे ह्या शांततेत येऊन बसत होते तर!

मग ह्यांनी डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. ओठ हलले.

"अ..."

पुन्हा ॐ म्हणताहेत असं वाटून टाळीबाई पुढे सरकली.

"अ... गं."

"काय म्हणाले? काका, परत म्हणा ना, काय म्हणालात?"

तिची मनगटं अजून माझ्या हातातच होती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण त्या पुसायला मी तिला सोडणार नव्हते.

"ते तुला नाही," मी म्हटलं. "ते माझं आहे."